मागच्या दारचं पीठ

माझ्याकडे येणाऱ्या बायका पुढच्या दारानं कधीच आल्या नाहीत. अमरावतीत आमचं घर गल्लीच्या टोकाला आहे. न्हाणीघराच्या बाजूनं एक बोळ मागे जातो आणि थेट माझ्या ओट्याजवळच्या दारात निघतो. बत्तीस वर्षं माझा धंदा त्या दारातून चालला. धंदा अनारशाच्या पिठाचा. बाई पिशवीतून स्वतःचा स्टीलचा डबा काढायची, मी त्यात पिठाचे गोळे दाबून भरायची, वर खसखशीची पुडी ठेवायची, आणि बाई पदराखाली डबा घेऊन निघून जायची. चार दिवसांनी हीच बाई मला फराळाला बोलवायची आणि सगळ्यांसमोर ताटली पुढे करायची. "घ्या नं सुमनताई, घरचे आहेत." मी घ्यायची आणि मोठ्या भोळेपणानं विचारायची, "तांदूळ किती दिवस भिजवले वो?"

ज्यांना अनारसा फक्त खायचा माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. जाडा, बिनवासाचा तांदूळ तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास येतो. तो आला नाही तर पुढची सगळी मेहनत फुकट. चौथ्या दिवशी निथळून सुती कापडावर सावलीत पसरायचा आणि हाताला दमट लागत असतानाच दळायचा. पीठ बारीक चाळून त्यात किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालायचं, घट्ट गोळे करून आठवडाभर डब्यात मुरवायचं. तळायच्या दिवशी केळ्याच्या फोडीनं किंवा दुधाच्या हातानं मळायचं, खसखशीवर थापायचं, आणि मंद आचेवर तुपात सोडायचं, खसखस वरच्या बाजूला. उलटायचं नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं. जमला तर सुंदर जाळी पडते. नाही जमला तर कढईत फुटून पसरतो. त्याला अनारसा हसला म्हणतात. अनारसा हसला की करणारीला रडू येतं, आणि सासू समोर बसलेली असेल तर विचारूच नका.

म्हणून तर बाया पीठ विकत न्यायच्या आणि सांगायच्या नाहीत. लाडू बाहेरून आणले तर कोणी काही म्हणत नाही, चकली आणली तरी चालून जातं. अनारसा मात्र हाताची परीक्षा. त्यात अधिक महिना आला की जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, तेही सासूच्या हातचं. त्या महिन्यात माझ्या मागच्या दाराला कडी लावायची सवड नसायची. एकदा एकाच घरातल्या सासू-सुना एकमेकींना न सांगता एकाच वेळी आल्या. सून दारात होती आणि सासू बोळात शिरताना मला खिडकीतून दिसली. मी सुनेला न्हाणीघरात उभं केलं, सासूचा डबा भरून तिला वाटेला लावलं, मग सुनेचा भरला. त्या वर्षी त्यांच्या घरी दोघींचे अनारसे अगदी एका चवीचे झाले असणार, आणि दोघींनाही त्याचं नवल वाटलं असणार.

या धंद्यात पीठ चांगलं लागतं, पण त्याहून जास्त, तोंड बंद लागतं. कोणाच्या घरी माझं पीठ जातं हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नाही. याचा मला फार अभिमान होता. अजून आहे, पण पूर्वीइतका नाही. त्याचं कारण सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

पुढे पुढे पोरं बाहेरदेशी जाऊ लागली आणि ज्या बाया दोन डबे आणायच्या त्या तीन आणू लागल्या. तिसरा डबा विमानानं जायचा. गुळातलं पीठ, महिना-दोन महिने त्याला काही होत नाही. काही हौशी पोरी तर तिकडेच तांदूळ भिजवून पहिल्यापासून करून बघायच्या. मग पोरगी सुट्टीवर आली की तिनं तिकडे केलेले दोन-चार अनारसे तिची आई माझ्याकडे आणायची. दुसऱ्या कोणाला दाखवायची तिची सोय नव्हती, मीच तेवढी आतल्या गोटातली. अशा रीतीनं मी पाच-सहा देश जिभेवर ठेवून पाहिले. स्वतः विमानात मात्र कधी बसले नाही. चिखलदरा हीच माझी परदेशची थंडी.

आणि काय सांगू, एक देश दुसऱ्यासारखा लागला नाही. पीठ माझंच, याच ओट्यावर मुरलेलं, तरी तळलं दुसरीकडे की अनारसा दुसराच. आपल्याकडे म्हशीचं रवाळ तूप, तिकडे गाईच्या लोण्याचं पिवळंधमक. ते तळताना वेगळाच वास सोडतं आणि तो अनारशात उतरतो. आखातातल्या घरात दिवसभर एसी, पीठ मळेपर्यंत वरून कोरडं पडतं, अनारसा कडक होतो. तिकडचाच तांदूळ वापरला तर आणखी तऱ्हा. अमेरिकेतल्या एका पोरीनं उकड्या तांदळाचं पीठ केलं आणि गुळाऐवजी तिकडची तपकिरी साखर घातली. तिची आई मोठ्या कौतुकानं चार अनारसे घेऊन आली. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "हे बिस्कीट आहे, ताई." खरं तेच होतं. पण त्या बाईचा चेहरा असा उतरला की मला आजही आठवतो. ती पुन्हा मागच्या दारात आली नाही. पोरीनं साता समुद्रापार तांदूळ भिजवले हे मी पाहिलंच नाही, मी फक्त जाळी पाहिली. चुकलंच माझं.

दुबईचा प्रकार तर अंगावरच आला होता. वरूडची एक बाई, घरी संत्र्याची बाग, तिची मुलगी दुबईला. तिनं पीठ नेलं आणि सवयीप्रमाणे मी वर खसखशीची पुडी ठेवली. दुसऱ्या दिवशी दुसरीच एक बाई बोलता बोलता म्हणाली, "दुबईले खसखस नेता येत नाही वो काकू, नशेच्या मालात धरतात." माझ्या हातातली चाळणी तशीच राहिली. फोन लावला तर बाई नवऱ्याबरोबर नागपूरच्या विमानतळावर, आत शिरायच्या रांगेत. मी म्हटलं, "ताई, डबा उघडा, पुडी काढा, अन् तिथंच फेका." ती अगदी हळू म्हणाली, "हे बाजूलेच उभे आहेत." नवऱ्याला वाटत होतं की डब्यात बायकोनं आठ दिवस राबून केलेलं पीठ आहे. शेवटी त्याच्यासमोर डबा उघडला, पुडी कचऱ्यात गेली, आणि कोण ही फोनवरची बाई ते त्याला सांगावं लागलं. तो नुसता हसला म्हणे. मुलीनं तिकडे खसखशीऐवजी तीळ लावले. मी चाखले ते, संक्रांतीसारखे लागत होते. पण त्या वेळी मी तोंड आवरलं आणि बरे लागतात म्हटलं, आणि बरे लागतच होते.

माझ्या मनगटांनी गेल्या वर्षी दगा दिला आणि मी धंदा थांबवला. पण या बायांचं मी मोठं देणं लागते. कोणी मला शिकवलं नाही, कोणी पाटी लावून दिली नाही. एकीनं दुसरीच्या कानात सांगितलं आणि माझं घर उभं राहिलं. त्यांनी डब्याबरोबर स्वतःची अब्रू माझ्या हातात दिली. एवढा विश्वास नात्यातली माणसंसुद्धा ठेवत नाहीत.

त्यातलीच एक जुनी, मंदाताई. ही अकोल्याची. अकोल्यात पीठ करणाऱ्या बाया नव्हत्या असं नाही, पण तिथं कोणी पाहिलं तर? म्हणून ही बाई दर दिवाळीच्या आधी आणि दर अधिक महिन्यात एसटीत बसून अमरावतीला यायची. घरी सांगायची, बहिणीकडे जाते. नवरा शाळेत गणिताचा मास्तर, मुलगी एकच, स्मिता. पहिल्या वेळी मंदाताईनं मला ओट्याजवळ बसून सांगितलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तिचे अनारसे हसले, घाण्यामागून घाणा, सासरची बारा माणसं भोवती. सासूनं कढई उचलून अंगणात नेऊन ओतली. "तवापासून मी तांदूळ भिजवलेच नाही, सुमनताई. हात कापते माहा." मग जाताना म्हणाली, "स्मिताले कदी समजू देऊ नका. तिले वाटते तिच्या आईले सगळं येते." मी शब्द दिला. पंचवीस वर्षं ती आली आणि पंचवीस वर्षं मी तो पाळला.

दोन वर्षांपूर्वी मंदाताई गेली. मला दीड महिन्यानं कळलं, तेही दुसऱ्याच कोणाकडून. कळवणार कोण? मी तिच्या घरच्यांसाठी कोणीच नव्हते.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी फोन आला. "काकू, मी स्मिता बोलते, नेदरलँडहून. आम्ही अकोल्याचे." नाव ऐकलं आणि कळलं, ही मंदाताईची पोरगी. माझा नंबर तिला अमरावतीतल्या एका मैत्रिणीनं दिला होता, अनारशाचं पीठ करणारी एक बाई आहे म्हणून. स्मिता वडिलांना आपल्याकडे घेऊन गेली होती. मास्तर तिथं नीट जेवत नव्हते. दोन घास खायचे आणि ताट सारायचे, कपडे अंगावर लोंबायला लागले होते. डॉक्टरनं तपासून काही नाही म्हणून सांगितलं. चार महिन्यांत त्यांनी एकच गोष्ट स्वतःहून मागितली होती, "तुह्या आईचा अनारसा एखादा खावासा वाटते."

मी म्हटलं, "मी पीठ पाठवते नं, बेटा. कोणी येणारं असलं तं सांग."

"नाही काकू, पीठ नको. तुम्ही मले शिकवा. आमच्या आईनं विकतचं पीठ कधी घरात आणलं नाही."

त्या वेळी मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मेलेल्या बाईला दिलेला शब्द, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे धंद्यातला ताठाही होता त्यात, बत्तीस वर्षांत फुटलं नाही ते तोंड आता कशाला फोडू. मी म्हणाले, "बरं, शिकवते."

मग आमची शाळा सुरू झाली. माझी दुपार म्हणजे तिची सकाळ. मी फोन बरणीला टेकवून बसायची, ती तिकडे तिच्या ओट्यावर. पहिल्यांदा तिनं बासमती भिजवला. भलताच सुगंध, पण पीठ धरेना. दुसऱ्यांदा सुरिनामी लोकांच्या दुकानातून तांदूळ आणला. त्यांचे पूर्वज म्हणे आपल्याकडून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला ऊस तोडायला गेले होते, आणि पुढची पिढी तिथून नेदरलँडला गेली. दुकानदारीणबाई हिला काकवीसारखा काळा गूळ देताना म्हणाली, आमची आजीही असलं काहीतरी तळायची, नाव मात्र आठवत नाही. तांदूळ ठीक होता. पण तीन दिवस झाले, चार झाले, वास काही येईना.

"कसा वास येते?" मी विचारायची. फोनवर वास येत नाही, हा या विद्येतला मोठा घोटाळा.

"पाण्यासारखा," ती म्हणायची.

तेव्हा मला चिखलदरा आठवलं. एकदा थंडीत तिथं पाहुणी म्हणून गेले असताना हौसेनं तांदूळ भिजवले होते, पाच दिवस झाले तरी ते तसेच. तांदळालाही ऊब लागते. मी स्मिताला पातेलं भिंतीवरच्या हीटरखाली सरकवायला सांगितलं, वर जुना स्वेटर गुंडाळून. दुसऱ्या दिवशी ती धावत फोनवर आली. "काकू, ताकाच्या भांड्यासारखा वास येऊन राहिला." मी म्हटलं, मग झालं काम. पाचवीत पहिला नंबर आलेल्या पोरीसारखी ती हसली, आणि मला वाटलं, मंदाताईनं हे पाहायला हवं होतं.

पीठ मुरेपर्यंत तुळशीचं लग्न होऊन गेलं. एका शनिवारी तिनं फोटो पाठवला. बारा अनारसे, जाळी अशी की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. तिकडची खसखस निळसर काळी असते, त्यामुळे प्रत्येक अनारसा डोक्यावर काजळ माखल्यासारखा दिसत होता. पण जाळी खरी. मी खुशीत शेजारणीला दाखवायला निघाले होते, तेवढ्यात फोन वाजला. स्मिता रडत होती.

"बाबांनी अर्धा खाल्ला, काकू. म्हणाले, चांगला आहे, पण हा तिच्यासारखा नाही. अन् अर्धा ठेवून दिला." हुंदका आवरून म्हणाली, "दोन वेळा केलं. माह्या हातात आईचा हात नाहीच आहे. मले तिच्याकडून काहीच घेता आलं नाही."

महिनाभर ती पोरगी जे शोधत होती ते कुठे होतं हे जगात मला एकटीला ठाऊक होतं, आणि मी तिला तांदूळ भिजवायला लावत होते. मला माझीच लाज वाटली. मी खाली बसले आणि म्हणाले, "स्मिता, बेटा, ऐकजो. तुह्या आईनं कधी तांदूळ भिजवले नाही. थापत ते होती, तळत ते होती, पण पीठ माहं होतं. पंचवीस वर्षं. मीच डबा भरून देत होती."

मग ती म्हणाली, "आई खोटं सांगत होती?"

"खोटं नाही सांगितलं. भेव वाटे तिले." आणि मी तिला ती पहिली दिवाळी सांगितली, अंगणात ओतलेली कढई सांगितली. "तुले वाटावं का तिले सगळं येते, एवढंच पायजे होतं तिले. मी शब्द देल्ला होता. आज मोडला. तिची माफी मी मागीन."

फोन स्पीकरवर होता हे मला तेव्हा कळलं, कारण मागून कोणी खाकरलं. म्हातारा, सावकाश आवाज. "नमस्कार ताई. मी स्मिताचा बाबा. मले माहीत होतं हे."

"काय माहीत होतं?" स्मितानं विचारलं.

"पीठ आणते म्हणून. दर दिवाळीले बहिणीकडे जाते म्हणून अमरावतीले जाये. तिची बहीण तं कवाचीच पुण्याले राहाले गेली होती. मी गणिताचा मास्तर, एवढा हिशोब मले येणार नाही का?"

"मग तुम्ही तिले कधी विचारलं कावून नाही, बाबा?"

मास्तर म्हणाले, "तळाले बसे नं ते, अन् जाळी पडली का माह्याकडे पाहे. तवा जे तिच्या तोंडावर राहे, ते मले पाहाचं असे. विचारलं असतं तं ते बंद पडलं असतं. अनारशाचं काय घेऊन बसली." मग म्हणाले, "तो अर्धा कुठं ठेवला?"

"तो कशाले आता? आईसारखा नाही लागत नं तो."

"तिच्यासारखा लागाचं कामच नाही त्याचं. तांदूळ भिजवण्यापासून आपल्या घरात झालेला हा पयला अनारसा आहे. आण इकडं."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, ताटली ठेवल्याचा आला. मग कुरकुर चावल्याचा.

"खसखस काळीच मिळते का इथं?" मास्तर म्हणाले.

"काळीच मिळते, बाबा."

"चांगली लागते. अजून किती आहेत?"

"अकरा."

"समदे आण."